जलालभाईंची शेवटची स्लाइड

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर मंगलताई; व्यासपीठावर बसलेले सरपंच दादाभाऊ; रुग्णालयातले सगळे डॉक्टर, सिस्टर, शिपाई आणि गाडीचे ड्रायव्हर; ज्यांच्यासाठी हा मंडप घातला ते आजचे सत्कारमूर्ती, चौतीस वर्षं इथल्या प्रयोगशाळेत मान खाली घालून बसलेले जलालभाई कागदी; त्यांच्या शेजारी पदर सावरत बसलेल्या रहिमाभाभी; आणि ऊन मागं सरेल तशा खुर्च्या सरकवत बसलेल्या माझ्या मायबाप मंडळींनो, तुम्हां सर्वांना रामनाथ पाटकऱ्याचा नमस्कार.

बोलायच्या आधी तीन गोष्टींची माफी मागतो. एक, तोंडावर हा मास्क बांधलाय, त्यामुळं आवाज जरा घोंगडीतून आल्यासारखा येईल. दोन, सगळे वक्ते व्यासपीठावर आणि मी एकटा इकडं फाटकापाशी, वाऱ्याच्या तोंडाला, वेगळा माइक घेऊन उभा आहे. तीन, मघाशी मी नारळही घेतला नाही आणि हारही घातला नाही. तेव्हा माइकवरून कोणीतरी बोललं, "रामनाथभाऊ रुसले की काय राव?" रुसलो नाही, बाबा. रुसायला मी काय व्याही आहे? कारण आहे. मंगलताईंना ठाऊक आहे, जलालभाईंना ठाऊक आहे. तुम्हांला मी शेवटी सांगणार आहे. आत्ताच सांगितलं तर पुढचं कोणी ऐकायचं नाही.

मी कालव्यावरचा पाटकरी. एकतीस वर्षं चाऱ्यांची, म्हणजे पोटकालव्यांची, दारं उघडली आणि बंद केली. शाळा सातवीपर्यंत. त्यापुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं आणि नंतर नात आरतीच्या पुस्तकांवर. त्यामुळं आज मी शरीराबद्दल जे बोलेन त्यात चूक निघाली तर ती माझी, आणि बरोबर निघालं तर ते जलालभाईंचं, असं समजा.

जलालभाईंबद्दल काय सांगू? या मंडपात एक माणूस दाखवा, ज्याच्या बोटाला यांनी सुई टोचली नाही! सरपंचांच्या साखरेपासून ते नव्या सुनेच्या दिवस जाण्यापर्यंत सगळं या माणसाला आधी कळलं. आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना जे माहीत नाही ते यांना माहीत आहे. पण चौतीस वर्षांत एका चहाच्या टपरीवर एक अक्षर सांडलं नाही. अहो, आपल्याकडं शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही पारावर कळतं. तिथं असं तोंड सांभाळणं ही केवढी गोष्ट आहे!

आता माझं त्यांच्याशी नातं कसं जडलं ते सांगतो. त्यात माझी शोभा नाही. पण निरोपाला उभं राहून नुसती साखर वाटणं मला जमायचं नाही.

चार वर्षांपूर्वी आरतीला जुलाब लागले. तेव्हा ती अकरावीत होती. आधी वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. मग रक्त पडायला लागलं. पोटात उजवीकडं असं दुखायचं की पोर गुडघे छातीशी घेऊन बसायची. त्रेचाळीस किलोची पोर एकतीसवर आली. पुण्यात दुर्बीण घालून आतडं पाहिलं. आत जखमाच जखमा. तिथले डॉक्टर म्हणाले, हा आतड्याचा क्षय असेल, नाहीतर क्रोन्स नावाचा आजार असेल. दोघांचं रूप इतकं सारखं की जुळी भावंडं. आपल्याकडं क्षय जास्त, म्हणून आधी त्याची औषधं दिली. तीन महिने दिली. काही गुण नाही. मंडळी, हे लक्षात ठेवा. जो क्षय तिला नव्हता, त्याची औषधं तिनं तीन महिने घेतली.

मग ठरलं की शौचाची एक तपासणी करायची. आतड्यात पांढऱ्या पेशींची किती झुंज चाललीय ते तिच्यावरून कळतं. नमुना बर्फाच्या डब्यात पुण्याला जायचा. जलालभाई म्हणाले, "पोरीला कशाला हेलपाटा? मी घरी येऊन घेऊन जातो." ड्युटी संपल्यावर स्वतःच्या मोटारसायकलवर आमच्या वाडीला आले, नमुना घेतला, आणि कळंबला हायवेवर एसटी गाठायला निघाले. दिवेलागण होऊन अंधार पडला होता.

तो कोणता पावसाळा होता, आठवतंय ना? आभाळात लुकलुकणारे दिवे दिसायचे. कोणी म्हणे ड्रोन, कोणी म्हणे चोर वरून घरं हेरून जातात. जुन्नर काय, आंबेगाव काय, गावोगाव गस्ती बसल्या. आमच्याही वाडीनं बसवली. घरटी एक माणूस, हातात काठी, आणि गस्तीचा म्होरक्या म्हणून एक म्हातारा, पोरांना आवरायला. आमच्या गस्तीचा म्होरक्या मी होतो. गळ्यात शिट्टी होती माझ्या. ती वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, असा नियम मीच केला होता.

वाडीच्या फाट्यावर पोरांनी मोटारसायकल अडवली. अंगावर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, मागं पांढरा डबा. माझा पुतण्या संपत पुढं झाला.

"कोन पावणं? डब्यात काय हाय?"

"नमुना हाय बाबा, दवाखान्याचा. गाडी चुकंल माझी."

"उघडा."

"उघडता येत न्हाई. गरम झाला तर वाया जाईल."

"का उघडता येत न्हाई? आँ? का येत न्हाई?"

मी वीस पावलांवर होतो. आणि मंडळी, मी आवाज ओळखला होता. पहिल्याच वाक्याला ओळखला. शिट्टी गळ्यात होती. पण पोरं तापलेली. मनात आलं, आत्ता आडवं गेलो तर म्हणतील, म्हाताऱ्याचा काय संबंध? चार घरं मला वाळीत टाकल्यासारखं बघतील. दहा अंक मोजावेत एवढा वेळ मी गप्प उभा राहिलो. तेवढ्यात काठी पडली. डाव्या मनगटावर. डबा रस्त्यावर फुटला आणि माझ्या नातीच्या आतड्याचा पुरावा चिखलात गेला. मग मी शिट्टी वाजवली. पोरं लगेच थांबली हो! म्हणजे आधी वाजवली असती तर आधी थांबली असती.

हाड मोडलं होतं. जलालभाईंनी तक्रार दिली नाही. नवव्या दिवशी प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून, दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून हा माणूस पुन्हा आमच्या दारात. "बायडे, डबी दे," आरतीला म्हणाले. रिपोर्ट आला तेव्हा आकडा एवढा होता की पुण्याहून फोन आला, ताबडतोब घेऊन या. पोचेपर्यंत आतडं आतून सुजून बंद पडलं होतं. वीतभर कापावं लागलं. मंगलताई म्हणतात, रामनाथभाऊ, त्या नऊ दिवसांनी फार फरक पडला नसता. असेल तसंही. पण ती वीत माझ्या मनातून जात नाही.

पोरगी घरी आल्यावर मी प्रयोगशाळेत माफी मागायला गेलो.  जलालभाई म्हणाले, "बसा. डोळा लावा इथं." आरतीच्या रक्ताची स्लाइड होती. गुलाबी रान आणि त्यात मधूनमधून जांभळ्या तीन पाकळ्यांचे दाणे.

"हे राखणदार," ते म्हणाले. "न्यूट्रोफिल. जंतू घुसला की हेच पयले धावत्यात. येळ आली तर स्वतः फुटून त्याला मारत्यात. लई इमानी जात."

"मग पोरीला का मारत्यात?"

तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपलं आतडं म्हणजे गावाची वेस. रोज हजार परकी येतात, अन्न येतं, जंतू येतात, त्यातले कितीतरी आपल्याच कामाचे. वेशीच्या भिंतीत पेशींचा मोठा पहारा असतो. काही पेशी ओळख पटवतात, काही हाका मारतात, काही धावतात, काही गिळतात. आणि काहींचं काम एवढंच, की "बास, आपलाच आहे, घरी चला" असं सांगायचं. या आजारात हाका थांबत नाहीत. एक पेशी हाक मारते, शंभर येतात, त्या शंभर पुन्हा हाका मारतात. मी कालव्यावर हे पाहिलंय. गळती बुजवायला एकदम दोनशे माणसं फावडी घेऊन बांधावर चढली, तर बांध पाण्यानं फुटत नाही, पायांनी फुटतो. आरतीच्या आतड्याच्या जखमा कोण्या चोरानं केल्या नव्हत्या. राखणदारांनी केल्या होत्या.

मी विचारलं, "अन् ते 'बास' म्हणनारे? ते कुठं मेले?"

जलालभाईंनी माझ्यासमोरची दुर्बीण बाजूला सारली. प्लॅस्टरचा हात टेबलावर ठेवला. म्हणाले, "रामनाथभाऊ, त्या दिवशी तुमी मला वळखलं व्हतं ना?"

मी मान खाली घातली.

"मग झालं. ते असत्यात भाऊ. जाग्यावरच असत्यात. गप बसत्यात का त्यांचं कोनी ऐकत न्हाई, ते अजून मोठ्या मोठ्या डॉक्टरांनाबी पुरतं उमगलं न्हाई."

मंडळी, मला माझ्या बापानं मारलं होतं, मास्तरांनी मारलं होतं. पण इतकं कोणी मारलं नव्हतं. आणि आवाज किती मऊ! वर चहा मागवला.

त्यानंतर आरतीला इंजेक्शन सुरू झालं. दर काही आठवड्यांनी पुण्याला जाऊन सलाईनमधून घ्यायचं. पेशी ज्या हाकेवर गोळा होतात ती हाकच ते दाबून टाकतं. पण सुरू करायच्या आधी जलालभाई घरी आले, प्रयागबाईला, म्हणजे माझ्या मंडळींना, मला, मुलाला, सुनेला, सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि सांगितलं. "हे औषध राखणदारांना झोपवतं. पन क्षयाचे जंतू कितीतरी मान्सांच्या छातीत निजलेले असत्यात. त्यांच्याभवती पेशी गराडा घालून उभ्या असत्यात, वरसानुवरसं. तो गराडा त्याच हाकेवर उभा असतो. हाक बंद झाली की गराडा ढिला. म्हनून आधी पोरीची तपासनी, तुमा सगळ्यांच्या छातीचे फोटो. अन् पुढं ह्या घरात कोनालाबी दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, तर त्याच दिवशी माझ्याकडं. लाजायचं न्हाई, लपवायचं न्हाई. वचन द्या."

सगळ्यांनी दिलं. मीही दिलं. तेव्हा सगळ्यांच्या छात्या साफ निघाल्या होत्या. आरतीचीही.

आणि काय सांगू, तीन वर्षं सोन्याची गेली! एकतीस किलोची पोर अठ्ठेचाळीसची झाली. मिसळ खाऊन हसत घरी आली त्या दिवशी प्रयागबाईनं तिची दृष्ट काढली. कॉलेजात बीएससीला गेली. संध्याकाळी मला दिसत नाही नीट, म्हणून ओटीवर माझ्या खांद्याला खांदा लावून बसायची आणि तिची जीवशास्त्राची पुस्तकं वाचून दाखवायची. मी विचारायचो, ती सांगायची. मला वाटायचं, आता देवानं खटलं काढून घेतलं.

गेल्या दोन महिन्यांपासून मला खोकला आहे.

थांबा. कुजबुजू नका, ऐका.

पहिल्या आठवड्यात म्हटलं, थंडी. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, कांद्याच्या वखारीतली धूळ. तिसऱ्या आठवड्यापासून मी स्वतःला काही म्हणायचं सोडून दिलं. खोकला आला की गोठ्यामागं जायचो, उपरणं तोंडात कोंबायचो. का? मला मरायची भीती नव्हती. माझ्या मनात एकच गणित. मी तपासायला गेलो, काही निघालं, तर आरतीचं इंजेक्शन थांबवतील. इंजेक्शन थांबलं की पुन्हा ते रक्त, पुन्हा गुडघे छातीशी. म्हणून मी, तिचं औषध वाचवायचं म्हणून, तिच्या खांद्याला खांदा लावून खोकला गिळत बसलो. तिचे राखणदार निजवलेले, आणि मी रोज संध्याकाळी तिच्या तोंडासमोर श्वास सोडतोय! प्रेमानं माणूस किती आंधळा होतो, याचं उदाहरण शोधायला लांब जाऊ नका. इथं फाटकापाशी उभं आहे.

प्रयागबाईनं गोठ्यामागं पकडलं. उपरण्यावर तांबडा डाग होता.

"ह्यो काय लपंडाव लावलाय म्हातारपनी? वचन दिलं व्हतं ना त्या भल्या मान्साला?"

"हळू बोल. आरती ऐकंल."

"ऐकू द्या! त्या दिवशी फाट्यावरबी तुमी असंच हळू बोलला व्हता."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती बाई मला असं कधी बोलली नव्हती. काल सकाळी मी डबीत बेडका घेऊन जलालभाईंच्या खिडकीपाशी उभा राहिलो. ती खिडकी तुम्हां सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्यांनी डबी घेतली, तारखा विचारल्या. मी खऱ्या सांगितल्या. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, ते जास्त वाईट होतं. त्याच दिवसापासून मी गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळा राहतो. आरतीला सांगितलं, फ्लू आहे.

आज सकाळी, मंडळी, तुम्ही इथं मंडपाचे खांब रोवत होतात तेव्हा आत जलालभाई त्यांच्या नोकरीची शेवटची स्लाइड पाहत होते. आज रजा घ्यायचा हक्क होता त्यांना. नवा पोशाख घालून त्यावर तो जुना ॲप्रन चढवला आणि बसले. मी दाराबाहेर होतो. फार वेळ त्यांनी डोळा हलवला नाही. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, "जलालभाई, मला बघू द्या." म्हणाले, "नका बघू." मी म्हटलं, "पोरीच्या पेशी दाखवल्या व्हत्या, आता माझं बी दाखवा."

निळं रान होतं. आणि त्यात लाल काड्या, क्षयाचे जंतू. एक नव्हे, दोन नव्हे. चारीचं दार रात्रभर उघडं राहिल्यावर शेतात गाळ पसरतो तशा पसरलेल्या.

मंगलताईंनी मला लगेच औषध सुरू केलं. इथं बोलायला मनाई केली होती. मी हात जोडले, तेव्हा उघड्यावर, मास्क लावून, सगळ्यांपासून लांब, या अटीवर परवानगी दिली. आणि आत्ता मी ज्यासाठी उभा आहे ते सांगतो.

आरती, तू मागं तिसऱ्या खांबापाशी बसलीस, मला दिसतंय. तुला हे आत्ता सगळ्यांबरोबर कळतंय. एकट्यात सांगायला हवं होतं, पण एकट्यात मी पुन्हा हळू बोललो असतो. सोमवारचं इंजेक्शन थांबवलंय. उद्या तुझ्या छातीचा फोटो, रक्त, सगळं होईल. परवापासून संध्याकाळी तुला कणकण येते, हे तू आजीला म्हणालीस आणि मला कळू दिलं नाहीस. ही सवय तू माझ्याकडूनच घेतलीस, बाळा. ती आजपासून टाक. इंजेक्शन दिलं तर निजलेला क्षय उठायची भीती, नाही दिलं तर तुझे राखणदार पुन्हा काठ्या घेऊन उठायची भीती. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधल्या पायवाटेवर तुला मी आणून उभं केलंय. ताई म्हणतात, वाट आहे. अरुंद आहे, पण आहे. मला त्यांच्या शब्दावर भरवसा आहे. माझ्या स्वतःच्या शब्दावर नाही.

आणि वाडीच्या मंडळींनो, गेल्या दोन महिन्यांत माझ्याजवळ बसून ज्यांनी पान खाल्लं, गप्पा मारल्या, त्या सगळ्यांनी उद्या खिडकीपाशी रांग लावायची. संपत, तू पहिला. मान खाली घालू नकोस. त्या दिवशीची काठी तुझी होती, पण शिट्टी माझी होती.

जलालभाई, लोकांनी तुम्हांला शाल दिली, श्रीफळ दिलं. मी काय देऊ? तुमच्या मोडलेल्या मनगटाची माफी मी तेव्हा मागितली होती, तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत. आज माफी मागत नाही. आज शिट्टी वाजवतो. उशिरा वाजवतोय, हे मला माहीत आहे. दहा अंकांच्या जागी दोन महिने गेले. पण वाजवतोय. तुमच्या चौतीस वर्षांच्या नोकरीची शेवटची स्लाइड माझी निघावी, हे माझं भाग्य म्हणू की करंटेपण? रहिमाभाभी, यांना आता घरी न्या, डोळ्यांना विसावा द्या. पण खिडकीत यांच्या जागी जो कोणी बसेल त्याला यांचं ते एक वाक्य शिकवून जा. लाजायचं न्हाई, लपवायचं न्हाई.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षा मंगलताईंचे, वेगळा माइक जोडून देणाऱ्या मंडपवाल्यांचे, आणि इतकं ऐकूनही जागा सोडून न पळाल्याबद्दल तुम्हां सर्वांचे आभार मानतो. म्हाताऱ्याच्या बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, शास्त्रात काही चुकलं असेल, समारंभाच्या दिवशी नको ते तोंडातून गेलं असेल, तर ते पदरात घ्या. एकच चूक पदरात घेऊ नका, ती माझी मलाच राहू द्या.

आरती, अगं, उठलीस कशाला? ...नाही. पाया पडायला येऊ नकोस. आज नाही. तिथंच थांब, पोरी. दादाभाऊ, तिला धरा कोणीतरी. आरती, थांब. थांब म्हणतोय ना मी.